‘पोराचं नाव घाला’

आमच्या तालुक्यात फौजदारी कलमं वकिलांच्या खालोखाल कोणाला पाठ असतील, तर ती पोलीस भरतीच्या पोरांना. ३२३ कशाला लागतं, ३२४ कशाला, नव्या न्याय संहितेत त्यांचे आकडे ११५ आणि ११८ कसे झाले, चॅप्टर केस म्हणजे गुन्हा की नुसतं बंधपत्र, हे सगळं पहाटे हायवेच्या कडेला पळता पळता एकमेकांना विचारलं जातं. बाकी भरतीत सगळ्याला मोजमाप आहे. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की २० पैकी २० गुण. शेवटी येते ती चारित्र्य पडताळणी, आणि तिला टेप लावता येत नाही. म्हणून पोरं तिला जास्त भितात.

मी बीड जिल्ह्यात तालुका कोर्टात वकिली करतो. इकडे ऊसतोडीच्या घरातला एक पोरगा पोलीस झाला की अख्ख्या घराच्या हातातला कोयता सुटतो, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. २०२४ साली राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर पोरं. त्यातून मैदान काढायचं, लेखी काढायची, निवड यादीत नाव बघून पेढे वाटायचे आणि मग साक्षांकन नमुना, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म, हातात पडायचा. तो घेऊन पोरगं माझ्याकडे येतं. सोबत बहुतेक वेळा वडील, कधी मामा, आणि हमखास एक मित्र, ज्याला सगळंच माहीत असतं.

या नमुन्यात पत्ते, शिक्षण, नातेवाईक असं सगळं भरून झालं की एक प्रश्न येतो. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर खटला भरला गेला होता का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्रावर बांधून घेतलं होतं का, दंड झाला होता का, न्यायालयाने दोषी ठरवलं होतं का, एखादं प्रकरण प्रलंबित आहे का. पुढे होय किंवा नाही. आणि खोटी माहिती दिली किंवा दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल, हा इशारा त्याच कागदावर छापलेला असतो. पोरं इशारा वाचत नाहीत असं नाही. इशारा वाचूनच ती घाबरतात आणि घाबरून ‘नाही’ लिहितात.

मित्राचा सल्ला ठरलेला असतो. “निर्दोष सुटलास ना? मग काय लिहायचं? सुटला म्हणजे मिटलं.” इथेच गाडी घसरते. प्रश्न ‘दोषी ठरलात का’ एवढाच नसतो, ‘अटक झाली होती का’ हाही असतो. सुटलेल्या माणसालाही अटक झालेली असतेच. निर्दोष सुटण्याने आधीची ती रात्र कागदावरून पुसली जात नाही.

एका पोराचं सांगतो. त्याला किरण म्हणू, नाव खरं नाही.

पेरणीच्या तोंडावर बांधावरून वाद झाला. चुलत्याने नांगराच्या दोन तासांएवढा बांध कोरला, वडील बोलायला गेले, बोलाचाली झाली, मग ढकलाढकली. किरण त्या वेळी जिल्ह्याच्या गावी अकॅडमीत मैदानावर होता. संध्याकाळी चुलत्याकडची मंडळी ठाण्यात गेली. फिर्याद लिहिली जात होती, तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने सुचवलं, “पोराचं नाव घाला. त्याची भरती आहे.” हे पुढे सगळ्या गावाला कळलं, कारण सुचवणाऱ्यानेच ते पारावर अभिमानाने सांगितलं. फिर्यादीत वडील, थोरला भाऊ, आई आणि किरण अशी चार नावं आली. “संगनमत करून लाथाबुक्क्यांनी व कुऱ्हाडीच्या दांड्याने मारहाण केली, शिवीगाळ करून जीवे मारण्याची धमकी दिली.” पंधरा वर्षांपूर्वी हेच वाक्य मी वाचलं होतं आणि पुढच्या आठवड्यातही वाचेन. कुऱ्हाडीचा दांडा त्यात उगाच येत नाही. नुसत्या लाथाबुक्क्या असल्या तर प्रकरण अदखलपात्र राहतं, एनसी होते आणि पोलीस कोर्टाचा रस्ता दाखवतात. दांडा आला की हत्याराने दुखापतीचं ३२४, आताचं ११८, लागतं, गुन्हा दखलपात्र होतो आणि गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. गावात बऱ्याच जणांना याची माहिती आहे.

किरणला निरोप गेला. तो स्वतः ठाण्यात हजर झाला, अटक दाखवली, जामीन झाला. जामीनदार म्हणून मामा सातबारा घेऊन उभा राहिला. पोराने बोटांचे ठसे दिले आणि त्याच हाताने दुसऱ्या दिवशी गोळा फेकायला गेला.

दोन वर्षांनी चुलतबहिणीचं लग्न ठरलं आणि भावकी एक झाली. आमच्याकडे भांडणं लग्नात होतात आणि लग्नातच मिटतात. पण ३२४ कोर्टात आपसात मिटवता येत नाही. गुन्हा रद्द करून घ्यायचा तर छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायचं, तिथली फी वेगळी, खेटे वेगळे. त्यापेक्षा तालुक्यात सोपा मार्ग असतो. फिर्यादी साक्षीला येतो आणि म्हणतो, अंधार होता, कोणी मारलं दिसलं नाही. सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात, उलटतपास घेतात, तो हूं की चूं करत नाही. निकालात शेवटचा परिच्छेद येतो की आरोपींविरुद्ध गुन्हा संशयापलीकडे शाबीत झालेला नाही, सबब निर्दोष मुक्तता. सगळे चहा प्यायला जातात.

त्या चहाच्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही की या पद्धतीने सुटण्यालाही नंतर किंमत मोजावी लागू शकते. साक्षीदार फितूर झाल्याने सुटलेला आणि पुरावा तपासून ‘हा तिथे नव्हताच’ असं म्हणून सुटलेला, या दोघांना पोलीस खातं एका रांगेत बसवत नाही. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ असा शब्दप्रयोग निवाड्यांमधून नेहमी येतो. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात तो कुठेही नाही, तरी नोकरीच्या प्रश्नात त्याच्यावर सगळं अडतं.

आता कायदा कुठे उभा आहे ते थोडक्यात सांगतो, कारण अकॅडमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर याबद्दल काहीही फिरत असतं. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. भाडेकरूशी झालेल्या मारामारीच्या खटल्यात तो तडजोडीने सुटलेला होता आणि अर्जात त्याने ते लिहिलं नव्हतं. न्यायालयाने सांभाळून घेतलं, तरुण वयात पोरांकडून असं होतं म्हणाले. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, पुन्हा दिल्ली पोलिसांचंच प्रकरण आलं आणि सूर बदलला. तो निवाडा न्यायमूर्ती रंजना देसाई यांचा, ज्या आधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. पोलीस दलात येणारा माणूस स्वच्छ असायला हवा, साक्षीदार उलटल्यामुळे मिळालेली मुक्तता म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, आणि खात्याच्या छाननी समितीने विचार करून नाकारलं असेल तर न्यायालयाने मध्ये पडू नये, असा त्याचा मथितार्थ. दोन्हीकडची उदाहरणं हातात घेऊन वकील भांडू लागले. शेवटी प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेलं आणि २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्याचा निकाल आला. आजही मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, भरतीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंचे वकील हाच निकाल काढतात.

त्यातल्या काही गोष्टी पोरांना घोकून घ्यायला लावाव्यात अशा आहेत. माहिती खरीच द्यायची, अटक असो, खटला असो की शिक्षा. मात्र जे विचारलंय तेवढ्याचंच उत्तर देणं बंधनकारक; प्रश्न मोघम असेल आणि एखादी गोष्ट विचारलीच नसेल, तर ती सांगितली नाही म्हणून दडवली असं म्हणता येत नाही. किरकोळ प्रकरण दडवलं असेल तर नियुक्ती करणारा अधिकारी ते पोटात घालू शकतो. निकालात त्याचं उदाहरण दिलंय ते तरुण वयात घोषणा दिल्याचं. खरं सांगूनही खातं पूर्वेतिहास तपासू शकतं, नोकरी द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. खटला चालू आहे, पण किरकोळ आहे आणि उमेदवाराने तो सांगितलाय, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. आणि अनेक खटले प्रलंबित असताना ‘नाही’ लिहिलं असेल, तर ते दडवणंच मोठं ठरतं.

पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशच्या एका शिपायाच्या प्रकरणात न्यायालयाने असंही म्हटलं की माहिती न देणाऱ्या प्रत्येकाला एकाच कुंचल्याने रंगवणं अन्यायाचं होईल, एवढ्या मोठ्या देशात जमिनीवरची परिस्थिती बघावी लागेल. हे वाचून मला सगळ्यात आधी तो कुऱ्हाडीचा दांडा आठवला.

कायदा एवढा तरी शहाणा आहे. अडचण होते ती कागदाच्या प्रवासात. पडताळणीचा कागद उमेदवाराच्या गावच्या ठाण्यात येतो. पूर्वी जुना हवालदार रजिस्टर चाळायचा, पोलीस पाटलाला बोलवायचा. पोलीस पाटील सांगायचा, “साहेब, बांधाची भांडणं आहेत, पोरगं गुणाचं आहे.” त्या एका वाक्यात सगळा संदर्भ वर जायचा. आता संगणकात नाव टाकलं की गुन्ह्याचा नंबर, कलमं आणि सद्यःस्थिती पडद्यावर येते. हे चांगलंच आहे, लपवालपवी कमी झाली, चिरीमिरी कमी झाली. पण बांध कोणी कोरला हे संगणकात नसतं. त्यात असतं एवढंच: आरोपी क्रमांक चार, कलम ३२४, ५०४, ५०६ सह ३४. वर बसलेल्या अधिकाऱ्याने निकालपत्र मागवून वाचलं तर ठीक. शेकड्याने फाइली समोर असताना तो ते वाचेल का, हे त्या अधिकाऱ्यावर आहे. वाचणारे भेटलेत मला. न वाचता शेरा मारणारेही भेटलेत.

त्यातही चॅप्टर केसचं दुखणं वेगळंच. गणपती, निवडणूक, गावची जत्रा आली की ठाण्यातून याद्या निघतात आणि जुन्या १०७ खाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली, दहा-वीस जणांना तहसीलदारापुढे उभं करून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं जातं. ही शिक्षा नाही, हा गुन्हाही नाही, पुढे काही होऊ नये म्हणून केलेली तजवीज आहे. पोराच्या ते ध्यानातही राहत नाही. तहसीलमध्ये गेलो, सही केली, वडापाव खाल्ला, आलो. चार वर्षांनी नमुन्यात ‘बंधपत्रावर बांधून घेतलं होतं का’ हा प्रश्न वाचताना त्याला तो वडापाव आठवत नाही आणि तो ‘नाही’ लिहितो. माझ्याकडे असा एक जण आला तेव्हा निवड रद्द झाल्याचं पत्र त्याच्या हातात होतं. ज्या गोष्टीने त्याचं एरवी काहीच बिघडलं नसतं, ती न लिहिल्याने बिघडलं.

आंदोलनांबद्दल तर काय बोलावं. आमचा जिल्हा आंदोलनांचा. आरक्षणाचा रास्ता रोको, पीकविम्याचा मोर्चा, ३ जानेवारी २०१८ चा बंद. प्रत्येक वेळी फिर्यादीत दहा-बारा नावं आणि शेवटी ‘व इतर ५० ते ६० इसम’. या ‘इतर’ मध्ये पुढे कोणाचंही नाव बसू शकतं. मोबाइलच्या व्हिडिओत दिसला, बसला. नेत्यांना याचं काही वाटत नाही, त्यांच्या निवडणूक शपथपत्रात अशा गुन्ह्यांची यादी असते आणि ती मिरवता येते. घोषणा देणाऱ्या बारावी पास पोराला मात्र ती मिरवता येत नाही. गुन्हे मागे घेऊ असं सरकार जाहीर करतं, बातमी येते, पोरगं निर्धास्त होतं. प्रत्यक्षात सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा, न्यायालयाने परवानगी द्यायची, मग ते प्रकरण संपतं. घोषणा आणि हा आदेश यांच्यात महिने जातात, कधी वर्षं. टाळेबंदीत सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ खाली राज्यभर लाखावर गुन्हे नोंदले गेले, त्यांचंही पुढे मागे घ्यायचं ठरलं. तरी पोरांनी बातमीचं कात्रण आणलं की मी ते बाजूला ठेवतो आणि कोर्टाचा आदेश मागतो.

एक मात्र इथे स्पष्ट म्हणतो, काही मित्रांना आवडणार नाही. घोषणा देणं आणि घर पेटवणं एक नाही. ३० ऑक्टोबर २०२३ ला आमच्या जिल्ह्यात आमदारांची घरं जळली. त्या जमावात हातात बाटली घेऊन असलेल्याने उद्या खाकी घालून दुसऱ्या जमावापुढे उभं राहावं, हे मला पटत नाही, आंदोलन कितीही माझ्या मनातलं असो.

असंच आणखी एका पोराचं. मुलीची छेड काढल्याचा गुन्हा होता. मुलीच्या घरच्यांवर गावाने दबाव आणला, मुलगी साक्षीत गप्प राहिली, पोरगा सुटला. निकालपत्रातली भाषा शब्दाला शब्द किरणच्या निकालासारखी. फितूर, संशयाचा फायदा, निर्दोष. त्याचा अर्ज मीच लिहून दिला, वकिलाचं काम ते. त्याला खात्याने घेतलं नाही हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही. २०१३ चा तो कडक निवाडा मला अशा वेळी बरोबर वाटतो. तक्रार द्यायला ठाण्यात जाणाऱ्या बाईला समोर कोण बसलेलं असावं, याचाही विचार भरतीत व्हायला नको का? दोन निकालपत्रं सारखी दिसतात म्हणून दोन माणसं सारखी नसतात. म्हणूनच फाइल उघडून वाचणारा अधिकारी लागतो, कलमांची बेरीज करणारा नाही.

पारधी वस्तीवरच्या एका पोराची गोष्ट या सगळ्याहून वेगळी. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तो स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. आजही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण आसपास कुठे घरफोडी झाली की जीप अजून आधी त्याच वस्तीवर जाते. या पोराला सतराव्या वर्षी आजोबा आणि दोन चुलत्यांबरोबर उचललं होतं, ‘दरोड्याच्या तयारीत’ म्हणून. हा शब्दप्रयोग फार सोयीचा आहे. दरोडा पडलेला नसतो, तयारी कोणी पाहिलेली नसते, जप्तीत एक कटावणी आणि मिरचीपूड असते. वस्तीवरचं ते पहिलं पोरगं, जे बारावी होऊन भरतीला पळत होतं.

त्याच्या बाबतीत कायदा लख्ख आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ म्हणतं की अठराच्या आतल्या मुलावर ठपका आला तरी त्यामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटणार नाही आणि मुदत संपल्यावर ती नोंदच नष्ट करायची. अत्यंत गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालवलेली सोळा-सतराची मुलं तेवढा अपवाद. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका उमेदवाराला याच तत्त्वावर नोकरीचा हक्क दिला. पण ठाण्यातल्या रजिस्टरला पोराचं वय माहीत नव्हतं. त्यात त्याचं वय एकोणीस लिहिलेलं होतं, अंदाजे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वय शाबीत करायला आम्हाला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात भरतीची एक फेरी निघून गेली. वयाची मर्यादा त्याच्यासाठी थांबत नाही. पुढच्या फेरीला तो पुन्हा पळाला, मैदान काढलं, लेखीत थोडक्यात राहिला. आता पुन्हा तयारी करतोय, आणि ही तयारी तरी भरतीचीच आहे असं तो स्वतःच हसून म्हणतो.

किरणने ‘होय’ लिहिलं. लिहायला बसला तेव्हा वडील नको म्हणत होते. “सर, खरं लिहून गेली तर?” मी म्हणालो, “खोटं लिहून गेली तर मॅटमध्ये मला बोलायला तोंड राहत नाही. खरं लिहून गेली तर भांडता येतं.” नुसतं ‘होय’ लिहून भागत नाही, हेही त्याला सांगितलं. गुन्हा नंबर, ठाणं, कलमं, खटला क्रमांक, निकालाची तारीख आणि निकालपत्राची प्रमाणित नक्कल. शिवाय घटनेच्या दिवशी तो जिल्ह्याच्या गावी होता, त्या अकॅडमीच्या हजेरीची प्रत. ती हजेरी खटल्यात कधी पुढे आलीच नव्हती, कारण खटला फितुरीवर मिटवायचा हे आधीच ठरलं होतं. त्याला वर खुलाशाला बोलावलं. तिथल्या अधिकाऱ्याने निकाल वाचला, हजेरी बघितली आणि एकच प्रश्न विचारला, “मग कोर्टात हे का नाही सांगितलं?” किरणने खरं ते सांगितलं, बहिणीचं लग्न होतं. बरोबरची पोरं प्रशिक्षणाला निघून गेल्यावर बऱ्याच उशिरा त्याचा आदेश आला.

त्यानंतर मी एक करायला लागलो. बांधाच्या भांडणात भरतीच्या पोराचं नाव असलं, की भावकी मिटो न मिटो, त्याच्यापुरतं खंडपीठात जाऊन गुन्हा रद्द करून घ्या किंवा साक्षीपुराव्यावर लढू द्या, असं आधीच सांगतो. फितूर करून घाईने सुटू नका. पक्षकार कुरकुरतात, पैसे लागतात, तारखा लांबतात. आता सोमवारी एक जण येणार आहे, त्याच्या थोरल्या भावाचं भांडण, फिर्यादीत धाकटा तिसऱ्या नंबरला, अकरावीला आहे आणि रोज पळायला जातो. घटनेच्या वेळी तो कॉलेजात होता म्हणे. कॉलेजची हजेरी आधी काढून आणा, असं मी फोनवरच सांगितलंय. प्राचार्य बदलून जायच्या आत.